समोरच्या दाराची बेल

॥ श्री ॥
४ नोव्हेंबर

घरच्या पोस्टमास्तरांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: तुमची खालची कवळी, दोन तुकड्यांत. माझा जवळचा चष्मा, जो मी देवापाशी विसरले होते. जपमाळ एक, मणी मोजून घेतले, पुरे आहेत. आणि हे सगळं गुंडाळायला माझा नवा टॉवेल, जो मी पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. टपालखर्च अठ्ठेचाळीस. हेच वर्तमानपत्रात गुंडाळलं असतं तर तिशीच्या आत भागलं असतं. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला हे मी सांगायचं म्हणजे कठीण आहे.

कवळीची काळजी नको. सूनबाईनं तुकडे उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली की पंधरा दिवसांत नव्यासारखी करून देते. तिचा धंदाच तो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, ही घरी बसून कवळ्या घडवते. तोवर तुम्ही पाव दुधात भिजवून खा आणि कोणाशी वाद घालू नका, शब्द नीट उमटत नाहीत.

आता मुख्य बातमी. आधी खुर्चीवर बसा. फोनवर सांगता आली असती, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून सांगितलेलं सगळ्या जिन्याला ऐकू जातं.

मुलगा आणि सून वेगवेगळे राहतात.

त्यांच्या पत्त्यावर 'तिसरा मजला, सात-आठ' असं असायचं ना? मी दोन वर्षं समजत होते की दोन नंबर म्हणजे मोठं घर. तसं नाही हो. सात नंबरात हा, आठ नंबरात ती. समोरासमोर दारं, मध्ये अकरा पावलांची मोकळी जागा. दोन शेगड्या, दोन केरसुण्या, दुधाच्या दोन पिशव्या. मी विचारलं की भांडण कशावरून झालं, तर दोघं हसायला लागले. म्हणे भांडण नाहीच, सोय आहे. त्याच्या घरात दुरुस्तीला आलेली एकेचाळीस घड्याळं. तिच्या प्लॅस्टरची धूळ घड्याळांत गेली की ती बंद पडतात, आणि त्याच्या घड्याळांचे ठोके पडले की तिचा हात हलून दात वाकडा बसतो. म्हणून लग्नाच्या आधीच ठरवलं की दारं दोन ठेवायची.

हे मला पटेल होय? अहो, संध्याकाळी सहा वाजता आपला मुलगा दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि अकरा पावलं चालून स्वतःच्या लग्नाच्या बायकोच्या दाराची बेल वाजवतो. ती लगेच दार उघडत नाही. आधी केस सारखे करते. मग हा विचारतो की येऊ का, आणि ती म्हणते, बघते वेळ आहे का. पाहुण्यासारखं! आपल्याकडे बेलचा सेल काढून मी भिंतीवरच्या घड्याळात घातला त्याला सात वर्षं झाली, कोणाचं काही अडलं का?

मी एक दिवस सातात झोपते, एक दिवस आठात. माझ्या चपला नेहमी नको त्या घरात असतात. समोरच्या बोळकांडीच्या टोकाला नऊ नंबरात एक विधवा बाई राहतात. कानांनी तुमच्यासारख्याच, पण दाराच्या भोकातून दिवसभर बघत असतात. मी त्यांचं नाव दुर्बीणबाई ठेवलंय. परवा मला म्हणाल्या की तुमची मुलं फार गोड आहेत. लोकांना काय, तमाशा फुकट.

मी संकल्प सोडला आहे. ही दोघं एका छपराखाली येईपर्यंत चहात साखर घेणार नाही. रोजचा जपही दुप्पट केला आहे.

दुधाचं भांडं पालथं घालत जा. आहे तेवढा लोभ पुरवून वापरावा.

तुमची,
सौ.


९ नोव्हेंबर

सौ.स,
अनेक आशीर्वाद वि. वि.

संदर्भ: तुझे दिनांक चारचे पत्र. मुद्देनिहाय उत्तर खालीलप्रमाणे.

एक. टॉवेल नाजूक मालाच्या संरक्षणार्थ वापरला. फुटक्या कवळीला आणखी काय संरक्षण द्यायचं, असं तू विचारशील. ते मला पार्सल दिल्यावर सुचलं.

दोन. मुलगा-सून. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर राहतात, रोज भेटतात आणि हसतात. यात तक्रार नेमकी कोणाची आहे ते पत्रावरून कळत नाही. तक्रारदाराचा अर्ज आल्याशिवाय आम्ही पोस्टात चौकशी लावत नसू. तूही लावू नयेस.

तीन. पाव आणि दूध खातो आहे. आठवा दिवस.

चार. तू गेल्यापासून माझं घोरणं बंद झालं आहे. निदान तसं मला कोणी सांगितलेलं नाही.

पाच. सकाळी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि मग लक्षात आलं की स्वयंपाकघरात कोणी नाही. बातमी विशेष नव्हती.

सहा. काड्यापेटी कुठे आहे?

पुन्हा सांगतो, मुद्दा दोनमध्ये हात घालू नकोस. तुझा जप चालू दे, त्याला माझी हरकत नाही. हातांना मात्र जपमाळेतच गुंतवून ठेव.

तुझा,
पो. मा. (निवृत्त)


॥ श्री ॥
१६ नोव्हेंबर

पोस्टमास्तरांस,
नमस्कार. आज लवकर आटपते, चहा गार होतोय. साखरेचा चहा.

होय, जमलं! तुमचं पत्र पोचायच्या आधीच जमवून टाकलं, म्हणून तुमची आज्ञा मोडली असं होत नाही. तारखा जुळवून पाहा.

झालं असं, की टॉवेलची किनार उसवली होती म्हणून तळमजल्यावरच्या शिंप्याकडे गेले. तोच इमारतीचा मालक. मशीन चालवता चालवता तो म्हणाला की एक ट्रम्पेट शिकवणारे मास्तर जागेसाठी रोज खेटे घालतात, पण इमारतीत एक खोली रिकामी नाही. माझ्या तोंडून निघून गेलं की सात नंबर रिकामा होणार आहे, मुलगा आता बायकोकडे राहायला जातोय. खोटं नाही बोलले, मनात तसंच होतं. त्यानं टाका पुरा करायच्या आत मास्तरांना निरोप धाडला. तासाभरात मास्तर येऊन जागेची आगाऊ रक्कमही देऊन गेले. किनार शिवायचे मात्र शिंप्यानं घेतले नाहीत.

मुलाला सांगितलं तर तो हातातला चिमटा तसाच धरून उभा राहिला. मग म्हणाला, असू दे आई. सूनबाई म्हणाली की आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पण दोघांचा स्वभाव गरीब, ऐकलं माझं. मी म्हटलं की संसार म्हणजे अंगाला अंग लागायचंच, सवय होईल.

परवा घड्याळं हलवली. एकेचाळीस घड्याळं, अकरा पावलं, प्रत्येक घड्याळ तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून. दुर्बीणबाई दार उघडून बाहेरच येऊन उभ्या राहिल्या आणि चक्क डोळे पुसत होत्या. आनंदानं असतील.

आता एकच टेबल. डावीकडे घड्याळं, उजवीकडे दात. मध्ये मी खडूनं रेघ मारून दिली आहे. माझं अंथरूण टेबलाखालच्या अंगाला. जरा अडचण होते, पण घर भरल्यासारखं दिसतं.

काड्यापेटी तिच्या जागी आहे. म्हणजे डाळीच्या डब्यामागे.

कृपा आहेच, तिची धार कमी होऊ देऊ नये.

तुमची,
सौ.


३० नोव्हेंबर

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत तुमची कवळी पाठवते आहे. उशीर झाला, रागावू नका. दोनदा करावी लागली. पहिल्यांदा नेमका पुढचा दात बसवताना बारा वाजले, तेही एकेचाळीस वेळा. तो दात घातला असता तर तुम्ही गंभीर असतानाही हसल्यासारखे दिसला असतात.

बाबा, हे पत्र आईंना न सांगता लिहिते आहे. त्यांना वाईट वाटेल असं काही करायचं नाही. त्या सकाळी माळ घेऊन बसतात तेव्हा आमच्या दोघांची नावं घेतात, मला ऐकू येतं. एवढ्या मायेनं कोणी माझं नाव देवाला सांगितलेलं नाही.

पण आमचं बिनसलं आहे. आजवर आम्ही कधी भांडलो नव्हतो. या पंधरा दिवसांत चमच्यावरून भांडलो, खिडकीवरून भांडलो, आईंच्या खडूच्या रेघेवरून तर रोज भांडतो, कारण ती पुसली जाते आणि प्रत्येक जण आपल्या सोयीनं पुन्हा मारतो. त्याची नऊ घड्याळं बंद पडली आहेत. तो मला काही बोलत नाही, फक्त फुंकर मारत बसतो, आणि ती फुंकर मला शिवीसारखी लागते. समोरून ट्रम्पेटवर एकच सूर येत असतो. मास्तरांच्या शिष्याला दुसरा अजून आलेला नाही.

हेही मी सोसलं असतं. पण तो आता दाढी करत नाही. कशाला करेल, कुठे जायचंच नसतं. मीही दिवसभर प्लॅस्टरच्या केसांनी बसते. पूर्वी सहा वाजायला आले की माझं कामात लक्ष नसायचं. दाराशी पाऊल वाजलं की मी मुद्दाम थांबायचे, दोन-तीनदा बेल वाजवू द्यायचे. आता सहा वाजतात ते फक्त घड्याळांत.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघून आले आहे. बसनं तासभर लागतो. पंधरा तारखेपर्यंत सांगायचं आहे. मला जायचं नाही बाबा, पण इथे असंच राहिलो तर आम्ही एकमेकांना नकोसे होऊ. काय करू, तेवढं सांगा.

तुमची,
सूनबाई

ता. क. दूध-पाव आता बंद करा.


४ डिसेंबर

सौ.स,
आशीर्वाद. मुद्दे या खेपेला थोडे आहेत, पण जड आहेत.

एक. आज एक डबी पोचली. 'कवळी, खालची' असं समजून उघडली. आत बायकांचं मनगटी घड्याळ आहे. पट्टा लाल. तोंडात बसत नाही. माझी कवळी त्या घड्याळाच्या मालकिणीकडे गेली असावी. एकाच टेबलावर दोन धंदे ठेवले की छाननीत असं होतं. मी हे तुला रागानं सांगत नाही, अनुभवानं सांगतो. पाव-दूध, तेहेतिसावा दिवस.

दोन. डबीबरोबर एक पत्र होतं. ते मला होतं, तुला नव्हतं. छत्तीस वर्षांत मी एकाचं पत्र दुसऱ्याला सांगितलं नाही, आता निवृत्त झाल्यावर सांगणार नाही. तेव्हा त्यात काय आहे ते विचारू नकोस. मी फक्त एक गोष्ट विचारतो: आपल्या मुलानं बायकोच्या दाराची बेल शेवटची कधी वाजवली? आणि तो शेवटचा दाढी केलेला तुला कधी दिसला? उत्तर मला पाठवू नकोस. तूच वाच.

तीन. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं माझी बदली दुसऱ्या गावी होती, आठवतं? मी शनिवारी यायचो. गल्लीच्या कोपऱ्यावरूनच सायकलची घंटा वाजवायचो. तू दार उघडायचीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर पावडर असायची, एका कानामागे जास्तच. मग बदली घराजवळ झाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पहिल्या दिवशी मी दार लोटून आत आलो. मी अजून तसाच दार लोटून आत येतो आहे.

परवा बाजारातून आलो, कुलूप काढून दार लोटलं, आणि दारातच उभा राहिलो. या तेहेतीस दिवसांत मी दाराशी थांबलो तो एवढा एकदाच.

चार. काड्यापेटी सापडली. डाळही सापडली, पण ती शिजवायची कशी ते कुठे लिहिलेलं नाही.

तुझा,
पो. मा.


॥ श्री ॥
१२ डिसेंबर

पोस्टमास्तरांस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत तुमची कवळी आहे. मी स्वतः उघडून पाहिली, दोनदा पाहिली आणि वर दोरा बांधला. ती लाल पट्टेवाल्या घड्याळाच्या मालकिणीकडेच गेली होती. बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांनी डबी सगळ्या शिक्षकांसमोर उघडली. परत द्यायला स्वतः आल्या, मुलाला जागेवर उभं करून अर्धा तास बोलल्या, पण जाताना सूनबाईकडे आपल्या दातांचं माप देऊन गेल्या. काम चांगलं आहे म्हणाल्या. त्यांचं घड्याळ तेवढं लगेच धाडा, टॉवेल न वापरता.

तुमचं पत्र मी सहा वेळा वाचलं. तिसऱ्या मुद्द्यावर चष्मा पुसावा लागला. धूळ फार आहे इथे.

मग संध्याकाळी सहा वाजता मी गुपचूप बसून राहिले. बत्तीस घड्याळांनी सहा ठोके दिले. आपल्या मुलानं मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिनंही तेच केलं. हातभर अंतरावर बसलेली दोघं, आणि मधली जागा अकरा पावलांहून लांब. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. यांचं भांडण मिटवायला मी निघाले होते आणि यांना भांडण मीच आणून दिलं. धडधाकट माणसाला औषध पाजून निजवावं तशातली गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या दाराची बेल वाजवली. म्हटलं, चूक माझी आहे, जागा परत द्या. मास्तर म्हणाले की ते स्वतःच मेटाकुटीला आलेत. समोरून दर पंधरा मिनिटांनी ठोके पडतात, शिष्याचा ताल चुकतो, आणि खालचा शिंपी छताला काठी मारतो. पण जायचं कुठे? ट्रम्पेटवाल्याला कोणी जागा देत नाही.

आणि त्याच क्षणाला नऊ नंबरचं दार किलकिलं झालं.

दुर्बीणबाईंकडे एक मोठी खोली नुसती पडून आहे. त्यांना ट्रम्पेट ऐकूच येत नाही. मास्तर फुंकताना गाल फुगवतात ते मात्र त्यांना दिसतं आणि बघायला फार आवडतं, असं त्यांनी मला मागे सांगितलं होतं. मी दोघांना समोरासमोर उभं केलं. मास्तर बासष्टचे, बाई त्याच अदमासाच्या. मास्तर मोठ्यानं बोलतात, म्हणून बाईंना त्यांचं सगळं कळतं. संध्याकाळपर्यंत ट्रम्पेट नवात गेली. शिंप्याला मी सांगितलं की मास्तरांची आगाऊ रक्कम परत करा आणि सात नंबर पुन्हा मुलाला द्या, आणि किनारीची शिलाई मी देऊन टाकली. फुकटची किनार मला फार महागात पडली होती.

म्हणजे हिशोब असा झाला, की लग्न झालेली दोघं पुन्हा दोन दारांत आणि लग्न न झालेली दोघं एका दारात, आणि हे सगळं एका जपमाळवाल्या बाईच्या हातून. मी देवाला स्पष्ट सांगितलं: मागचा अर्ज माझ्या अज्ञानातून केलेला होता, तो रद्द समजावा. साखर पुन्हा सोडली आहे, आठ दिवसांसाठी, दंड म्हणून. मास्तर आणि बाई लग्न करणार का, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या की आधी त्यांना दुसरा सूर येऊ दे. शिष्याचं म्हणत असाव्यात.

घड्याळं परत नेली. या वेळी मीही सात उचलली. सूनबाईनं दाराआड कागदाची एक चिठ्ठी फाडून टाकली, कुठल्या तरी खोलीचा पत्ता होता. मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नसलंत तरी मला वाचता येतं, मॅट्रिक आहे मी.

काल संध्याकाळी सहाला मी आठ नंबरात होते. सूनबाई दारामागेच उभी, हात कडीवर, केस कधीचे सारखे केलेले. बेल वाजली. ती हलेना. पुन्हा वाजली. मी खुणेनं म्हटलं, उघड ना. तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा उघडलं. आपला मुलगा दाढी करून उभा, हनुवटीला कापलेलं. म्हणाला, येऊ का? ती म्हणाली, बघते वेळ आहे का. मी माझ्या चपला शोधल्या आणि सातात जाऊन जप करत बसले. चपला पहिल्यांदाच बरोबर घरात होत्या.

आता माझं. सोमवारच्या दुपारच्या गाडीनं निघते, सहापर्यंत दाराशी येईन. किल्ली माझ्याजवळ आहे, पण ती पिशवीच्या तळाशी राहील. दार आतून लावून ठेवा. डाळ शिजवायची कशी ते आल्यावर दाखवीन, तोवर डब्याला हात लावू नका.

आणि हे बघा, बेलसाठी एक सेल आणा. घड्याळातला काढू नका, नवा आणा. चांगल्यातला. पडेल ती किंमत द्या, मी विचारणार नाही. मी दोनदा वाजवीन, तिसऱ्यांदा वाजवायला लावलंत तरी चालेल.

सोमवारी सहाला तुम्हाला वेळ आहे का, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
सौ.